समुद्राकाठच्या शहरात फिरायला जाताय? मग या चुका टाळा

पहिल्यांदा किनाऱ्यावरच्या शहरात जाताना लोक हॉटेल, तिकिटं, बघायच्या जागा सगळं नीट ठरवतात आणि एकच गोष्ट बघायची राहून जाते, पाणी. मग पुढे जे काही बिनसतं ते बरंचसं तिथेच बिनसतं.

सुरुवात मॅपपासूनच होते. हॉटेल आणि स्टेशन यांच्यात बोटभर अंतर दिसतं म्हणून बुक करून टाकायचं, आणि मधे खाडी आहे, पूल पार तिकडे वरच्या टोकाला आहे हे पोचल्यावर कळतं. माझं एकदा असंच झालं, हॉटेलचे दिवे समोर दिसत होते पण रात्रीची बोट संपलेली, टॅक्सीने वळसा घालून जायला पाऊण तास गेला आणि सोबत आई होती, ती आधीच दमलेली, ते मला अजून लागून राहिलंय. तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी नुसतं अंतर बघत नाही, पूर्ण रूट टाकून बघते आणि आपण ज्या वेळी पोचणार तीच वेळ टाकते. इस्तंबूलला दोन एअरपोर्ट आहेत, एक युरोपच्या बाजूला आणि दुसरा, सबिहा गोकचेन, आशियाच्या बाजूला, मधे बॉस्फरस ही सामुद्रधुनी. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घेतलं आणि हॉटेल पलीकडे असलं की सामान घेऊन अख्खं शहर ओलांडायचं. आता २०१३ पासून पाण्याखालून मार्मराय रेल्वे आहे, त्यामुळे ट्रॅफिकमधे न अडकता पलीकडे जाता येतं, पण हे आधी माहीत पाहिजे ना. व्हेनिसला स्टेशनची गडबड होते, मेस्त्रे हे बेटांच्या अलीकडचं, मुख्य जमिनीवरचं स्टेशन आणि सांता लुचिया हे खरं कालव्यांजवळचं, दोघांच्या नावात व्हेनिस आहेच. चुकून मेस्त्रेला उतरलात तर घाबरू नका, पुढची गाडी पकडा, दहा-बारा मिनिटांत पोचता.

आता भरती-ओहोटी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे जिवाशी गाठ असते.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आता हिशोब करा, सात दिवसांत हे जवळजवळ सहा तास होतात, म्हणजे मागच्या रविवारी सकाळी दहाला तुमचा मित्र जिथे ओल्या वाळूवरून आरामात चालत गेला तिथे या रविवारी दहाला भरती असणार! ऑनलाइन कुणीतरी लिहिलेलं असतं की सकाळी जा, मस्त चालत जाता येतं, आणि लोक त्यावर विसंबून निघतात. त्या दिवसाचा भरतीचा तक्ताच बघायचा, दुसरा उपाय नाही. आणि काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, पण काही तक्त्यांत तो तास धरलेला नसतो, तेही तपासा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त खालीही जातं. फ्रान्समधल्या सेंट मालोला उधाणात हा फरक १२ मीटरच्या आसपास जातो, तिथलं ग्रां बे बेट ओहोटीत चालत जायचं, भरतीत वाट गायब. आपल्या मुंबईतल्या हाजी अलीचा रस्ताही मोठ्या भरतीत पाण्याखाली जातो.

अजून एक गोष्ट फसवते, पाणी एकसारखं चढत नाही. सुरुवातीला अगदी हळू, मग मधल्या दोनेक तासांत एकूण चढाच्या जवळजवळ निम्मं. म्हणून अजून वेळ आहे असं वाटत असतानाच वाट बंद होते. अडकलात तर गुडघाभर पाणी आहे, जाऊ पटकन, असं करू नका, उंच जागेवर थांबा, फोन करून मदत मागा, आणि कुणी येईपर्यंत किंवा पाणी पूर्ण उतरेपर्यंत, मग त्यात कितीही तास जाऊ देत, तिथेच बसा. आणि गाडी वाळूवर नेऊ नका प्लीज, ओली वाळू घट्ट दिसते पण चाक रुतलं आणि पाणी चढायला लागलं की कुणाच्या हातात काही राहत नाही.

पोहायचं असेल तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, तिथे लाइफगार्डचं लक्ष असतं. लाल झेंडा असला की उतरायचंच नाही. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत दिसतोय, नवीन माणूस नेमका तिथे उतरतो आणि तीच आत खेचणारी ओढ असते. खेचले गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दम संपतो, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर या आणि मग परत फिरा, तेही जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करा.

बोटींचं म्हणाल तर शेवटची बोट आपली नाहीच असं धरून चालायचं, तिच्या आधीची आपली. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे परतीचं विमान आहे त्या दिवशी बेटावर जायचा प्लॅन नको. सीझन पण बघा, पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याच्या लाँच बंद असतात, आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद, हे माहीत नसल्याने लोक थेट धक्क्यावर येऊन उभे राहतात.

कपड्यांचं थोडक्यात, डेकवर वारा लागतो म्हणून एक पातळ जॅकेट ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोला ऐन जुलैमधे धुकं आणि गारठा असतो.

आणि फोन खाऱ्या पाण्यात पडला तर आधी बंद करा. वॉटर रेझिस्टंट असेल तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, कारण मीठ आत वाळलं की खराब करतं. तांदळात पुरून ठेवू नका, पोर्टमधे कण जातात, ड्रायरची गरम हवाही नको. पोर्ट खाली करून वाऱ्यावर ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावायचा नाही.