कोकणकड्यावर कॅमेरा नेताना: आधी प्लेट, मग बाकीचं

सगळ्यात आधी उठा आणि कॅमेरा उलटा करून बघा. ट्रायपॉडची प्लेट, म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडवर अडकवणारी छोटी पट्टी, त्याच्या बुडाला घट्ट बसलेली आहे का? असेल तर पुढे वाचा. नसेल तर शोधा, लावा, मग पुढे वाचा.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा धाकटा भाऊ पाचनईहून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. दीड दिवस नुसतं धुकं, दहा पावलांपलीकडचं दिसेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास कोकणकड्यावर वारा फिरला आणि दरी उघडली. खाली काठोकाठ ढग, वर स्वच्छ आभाळ, समोर उतरता सूर्य. मी ट्रायपॉड उघडला, पाय रोवले, कॅमेरा बसवायला गेले आणि हात तिथेच थांबला. प्लेट नव्हती. गणपतीत घरच्या आरतीचा व्हिडिओ घेताना ती जुन्या कॅमेऱ्याला लावली होती, आणि जुना कॅमेरा पुण्यात कपाटात. शेजारच्या तंबूतल्या मुलांचा ट्रायपॉड त्यांच्याच कॅमेऱ्याखाली होता. त्यांच्याकडे एक जादा प्लेट निघाली, त्यांनी ती लगेच दिलीही, पण वेगळ्या आकाराची. माझ्या ट्रायपॉडच्या हेडमध्ये, म्हणजे कॅमेरा बसतो त्या वरच्या भागात, बसेना. आमच्याबरोबर आलेले पाचनईचे मामा म्हणाले, "ताई, दगडावर ठेवा की." ठेवला, पण जिथे बरा दगड होता तिथून कड्याची कमान दिसत नव्हती. वीस मिनिटांत सगळं पुन्हा झाकलं गेलं. हातात धरून, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० वर काढलेले ते फोटो अजून माझ्याकडे आहेत. मोठे करून बघितले की प्रत्येकात डोंगरांच्या कडा हललेल्या दिसतात. पावणेदोन किलोचा ट्रायपॉड वर वाहिला आणि तसाच खाली आणला.

तर प्लेट. दुकानात याला क्विक रिलीज प्लेट म्हणतात. कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंची स्क्रूने बसते आणि हेडच्या चिमट्यात अडकते. प्रत्येक कंपनीची प्लेट दुसऱ्या कंपनीच्या हेडला चालतेच असं नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. म्हणून नवा ट्रायपॉड घेणार असाल तर अर्का-स्विस पद्धतीचं हेड घ्या; ती प्लेट बऱ्याच कंपन्या बनवतात, सहज मिळते आणि अडीनडीला कुणाची तरी मागून चालवता येते. त्याच पद्धतीच्या दोन प्लेट घ्या. एक कॅमेऱ्याला कायमची. दुसरी ट्रायपॉडच्या पिशवीत, आतल्या कप्प्यात, दोरीने बांधून. दुसरा कॅमेरा असेल तर त्याची तिसरी. एका प्लेटवर दोन कॅमेरे चालवायचे नाहीत. स्क्रू आवळायची एल-की, म्हणजे एल आकाराची छोटी चावी, त्याच दोरीला बांधा, कारण प्लेट सैल झाली की उभ्या फ्रेममध्ये कॅमेरा हळूहळू खाली मान टाकतो, आणि नुसत्या बोटांनी ती पुरेशी आवळली जात नाही. परवडत असेल तर एल-ब्रॅकेट लावा, म्हणजे बुडाला आणि एका बाजूला बसणारी एल आकाराची प्लेट. ती बाहेर काढावीच लागत नाही, त्यामुळे विसरली जात नाही.

कधी जायचं हे थोडक्यात. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्त त्याचा. २२-२३ सप्टेंबरला सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो. त्या सुमारास सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान. त्याआधी तासभर कड्यावर हजर असा. मंदिरापासून कडा अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे आणि धुक्यात ती वाट चुकते. भर जुलैत जाऊ नका. पाणी सगळ्यात जास्त तेव्हाच असतं, पण समोरचं काही दिसत नाही आणि कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायची संधीही मिळत नाही. पाऊस ओसरता ओसरता जा. सोनकीची पिवळी फुलं पठारावर तेव्हाच असतात.

आता लेन्स. सगळे विचारतात तो हाच प्रश्न, आणि लोक पैसे घालवतात तेही इथेच. कोकणकड्याची पूर्ण कमान एका फ्रेममध्ये हवी असेल तर फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ मिलिमीटरच्या आसपासची वाइड लागते, क्रॉप (लहान) सेन्सरवर १० किंवा ११. पण वाइडमध्ये दूरचं सगळं बारीक होतं. समोर पावलापाशी काही नसेल, ना सोनकीचा ताटवा, ना ओला कातळ, तर फोटोत अर्धं रिकामं आभाळ आणि अर्धी रिकामी जमीन उरते, आणि प्रत्यक्षात ऊर दडपून टाकणारा कडा फोटोत बांधासारखा दिसतो. वाइड लावली की खाली बसा. जमिनीजवळ जा.

दुसरी ७०-२०० मिलिमीटरची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी टेली. डोंगराचे फोटो म्हणजे वाइडच, असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते. सह्याद्रीत मला सगळ्यात जास्त फोटो टेलीने दिले आहेत. ढगांतून वर आलेले सुळके, नाणेघाट-जीवधनच्या बाजूला एकामागे एक फिकट होत गेलेल्या रांगा, कड्याच्या भिंतीवर सरकणारी उन्हाची तिरीप, हे सगळं १००च्या पुढे. एफ/२.८ ची घेऊ नका (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा: आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). ती साधारण एक ते दीड किलोची असते, एफ/४ ची बरीच हलकी, आणि तुम्ही फोटो काढणार एफ/८ वर. त्या २.८ चे पैसे आणि वजन दोन्ही फुकट जाणार. उरलेल्या पैशात चांगला ट्रायपॉड घ्या. आणि दुसरी प्लेट.

मधली २४-७० घरी राहिली तरी चालेल. एकच लेन्स न्यायची असेल तर २४-१०५. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५च असेल तर तीच घेऊन निघा. एफ/८ला, ट्रायपॉडवर, ती तुमची निराशा करणार नाही. हातात धरून मात्र महागातली लेन्ससुद्धा साडेसहा वाजता हरते. मावळतीनंतरच्या निळ्या उजेडात आयएसओ १००, एफ/११ म्हटलं की शटर काही सेकंदांवर जातं. तेवढा वेळ कुणाचाही हात स्थिर राहत नाही. त्यासाठी ट्रायपॉड, आणि ट्रायपॉडसाठी प्लेट.

छिद्र फार लहान करू नका. सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ/२२ लावणारे भेटतात. तिथे प्रकाश छिद्राच्या कडांवर पसरतो आणि सगळंच थोडं मऊ होतं. एफ/८ ते एफ/११ पुरे. धुक्यात ऑटोफोकस पुढेमागे शोधत बसतो, तेव्हा मॅन्युअलवर जा आणि स्क्रीनवर मोठं करून कड्याच्या धारेवर फोकस पकडा.

फिल्टर दोनच. पोलरायझर ओल्या पानांवरची आणि कातळावरची चमक काढतो, हिरवा रंग त्याने खरा हिरवा दिसतो. बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). अगदी वाइड लेन्सवर निळं आभाळ असताना तो लावू नका, आभाळात एका बाजूला गडद पट्टा येतो आणि तो नंतर निघत नाही. दुसरा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, वाहते ढग हवे असतील तर. सहा स्टॉपचा घ्या: पाव सेकंदाचं शटर १६ सेकंदांवर जातं. दरीतले ढग दहा ते तीस सेकंदांत वाहतानाही दिसतात आणि त्यांचा आकारही राहतो. दहा स्टॉपचा आकर्षक वाटतो, पण त्याने १/१५ सेकंदाचं मिनिटाच्या वर जातं, आणि एवढ्या वेळात ढगांचा नुसता कापूस होतो. तीस सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (शटर हवं तितका वेळ उघडं ठेवणारा) आणि रिमोट लागतो. डीएसएलआर असेल तर अशा वेळी व्ह्यूफाइंडर झाका, मागून उजेड आत शिरतो. लेन्सच्या तोंडाची मापं वेगळी असतील तर फिल्टर मोठ्या मापाचा घ्या आणि लहान लेन्सला स्टेप-अप रिंग लावा, दोनदा खर्च नको. यूव्ही फिल्टर सूर्य समोर असताना काढून ठेवा.

सोनकी वाऱ्यात सतत डोलते. तिला थांबवायला १/१२५ किंवा त्याहून वेगवान शटर हवं, आणि मागच्या ढगांना कित्येक सेकंद. एका फोटोत दोन्ही होत नाही. फ्रेम न हलवता दोन फोटो घ्यायचे, एक आयएसओ वाढवून फुलांसाठी, एक संथ शटरने ढगांसाठी, आणि घरी जोडायचे. आभाळ फार उजळ आणि दरी काळी असेल तेव्हाही हेच: दोन-तीन वेगवेगळे एक्स्पोजर, त्याच जागेवरून. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. प्लेट आहे ना बरोबर?

ट्रायपॉड कड्यावर उभा करणं हे वेगळंच काम आहे. तिथे वारा दरीतून सरळ वर येतो. मधला दांडा वर काढू नका, खालचे बारीक पाय उघडू नका, ट्रायपॉड बुटका ठेवा. पिशवी मध्ये अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबकळती पिशवी झोके घेते आणि कॅमेरा जास्त हलवते. गळ्यातला पट्टा काढून टाका, तो फडफडतो. लेन्सचा हूडही संथ शटरला काढा. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर.

आणि कड्याबद्दल, इथे मी कुणाचं ऐकून घेणार नाही. कोकणकडा आतल्या बाजूला खोल गेलेला आहे. तुम्ही उभे असता त्या दगडाखाली काहीही नसतं. काठापासून चार पावलं मागे ट्रायपॉड, तुम्ही त्याच्याही मागे. खाली बघायचं तर पोटावर झोपून, कॅमेरा मागे ठेवून, कुणीतरी पाय धरलेले असताना. कॅमेऱ्यातून बघत एकही पाऊल टाकायचं नाही, मागेही नाही. ओलं गवत निसरडं असतं. फ्रेम चांगली मिळते म्हणून काठाला सरकणारा माणूस बरोबर असेल तर त्याला ओरडा.

दमटपणा. पुण्याहून एसी गाडीत कॅमेरा नेलात आणि पाचनईत उतरून लगेच काढलात तर काच आतबाहेर धुरकट होते. पिशवीची चेन न उघडता अर्धा तास तशीच राहू द्या. काच पुसायला मायक्रोफायबरची तीन फडकी, वेगवेगळ्या चेनच्या पिशव्यांत, कारण पहिलं तासाभरात ओलं होतं. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग पुसा, नाहीतर वाळूचा कण काचेवर ओरखडा ओढतो. कॅमेऱ्याचं अंग आणि ट्रायपॉड पुसायला जुना सुती पंचा. रेन कव्हर नसेल तर मोठी प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड चालतात. सिलिका जेलच्या पुड्या टाका. रात्री बॅटऱ्या झोपायच्या पिशवीत घ्या, थंडीत लवकर उतरतात. कॅमेरा मात्र घेऊ नका, आतल्या उबदार दमट हवेने गार काच पुन्हा धुरकटणार.

ताऱ्यांचे फोटो हवे असतील तर अमावास्येच्या आसपास जा. सप्टेंबरअखेरीस आकाशगंगेचा दाट भाग अंधार पडताच नैऋत्येकडे असतो आणि रात्री दहानंतर तो मावळतीला टेकलेला असतो, त्यामुळे जेवण नंतर. १६ मिलिमीटरला वीस सेकंद, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ ३२००पासून सुरुवात. वीस सेकंद म्हणजे अर्थातच प्लेट.

बाकीचं भराभर. बॅटऱ्या तीन. कार्डं दोन, रिकामी करून. हेडटॉर्च, लाल उजेडाचा असेल तर उत्तम. पॉवर बँक. पाणी, कोरडे मोजे, विंडचीटर. पकड असलेले बूट. ड्रोन घरी, हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट सुंदर आहे, पण चार-पाच तासांची. एवढं वजन घेऊन पाचनईच बरी. वाटाड्या घ्या.

निघायच्या आदल्या रात्री सगळं सामान पसरून मोजू नका, त्याने काही कळत नाही. माझंही सगळं मोजून झालं होतं. त्याऐवजी घराच्या गच्चीवर ट्रायपॉड उघडा, कॅमेरा त्यावर चढवा, अंधारात दहा सेकंदांचा एक फोटो काढा, आणि तो मोठा करून बघा. काही राहिलं असेल तर तिथेच कळेल. मग कॅमेरा उतरवून प्लेटसकट पिशवीत ठेवा.

परत आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून वाळवा, लेन्स हवेशीर जागी ठेवा, नाहीतर बुरशी धरते. फोटो दोन ठिकाणी उतरवा. बॅटऱ्या चार्जला लावा. प्लेट काढू नका. कुणी घरातल्या कार्यक्रमासाठी ट्रायपॉड मागितला तर ट्रायपॉड द्या, बरोबर तिसरी प्लेट द्या, कॅमेऱ्याची नाही.