घर विकायला काढताय? रंगाआधी ओल बघा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातलं जुनं घर विकायला काढलं की पहिला खर्च रंगाचा. आम्हीही तेच केलं. दिवाळीआधी पुढच्या खोलीला पुट्टी लावून महागडा प्लास्टिक रंग दिला. संक्रांतीपर्यंत जमिनीलगत फोड आले. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघून पांढरी भुकटी बोटांना लागली. घर बघायला आलेल्या काकूंनी काही न बोलता कपाटामागे हात घालून भिंत चाचपली, आणि किमतीचं बोलणं तिथेच खाली आलं.

ती भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून प्लास्टर फोडतात. जुन्या भिंती चुन्यातल्या, त्यांतून ओल बाहेर पडत राहते. वरून सिमेंट आणि प्लास्टिक रंग चढवला की ती वाट बंद होते आणि ओल आणखी वर सरकते. म्हणून फोड दिसला की कडियाला (गवंड्याला) लगेच सिमेंट थापायला सांगू नका.

आधी प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली. बाहेरून जमले तर खोलीतला दमटपणा, तिथे हवा खेळती करणं पुरे. ओल भिंतीतली असेल तर गळका नळ, फुटकी पन्हळ, बाहेर भिंतीलगत साचणारं पाणी शोधून बंद करा. मग फुगलेलं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत काढा, क्षार कोरड्या ब्रशनेच झाडा (धुतले की ते परत आत मुरतात), भिंत सुकू द्या आणि चुन्याचंच प्लास्टर करा.

धाब्याचंही (गच्चीचंही) तसंच. भेगा न भरता, धुळीवरच वॉटरप्रूफिंगचा रंग फासतात. उत्तरायणाला पतंग उडवताना दिवसभर त्यावर पावलं नाचली की तो सुटतो. आधी पाणी उतरायच्या नळ्यांची तोंडं बंद करून दिवसभर पाणी साठवा आणि खालच्या छताला डाग येतो का बघा. उतार मीटरला किमान एक सेंटीमीटर हवा.

2019 आणि 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी जिथे घरात शिरलं, तिथे तळमजल्यावर पार्टिकल बोर्डाचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) मॉड्युलर किचन करू नका. तो भिजला की फुगतो आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. तेवढ्या पैशात खालचे स्विचबोर्ड वर घ्या, अर्थिंग तपासा, 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

गॅलरी परवानगीशिवाय बंद करू नका. गिऱ्हाईक कर्ज घेणार असेल तर बँकेचा माणूस मंजूर नकाशा मागतो. सागाच्या दारांवर ऑइलपेंट तर कृपा करून नकोच. घासून पॉलिश करा, तेच दार घराची शोभा होतं.

आम्ही होळीनंतर पुढच्या खोलीचं प्लास्टर काढलं. एप्रिल-मेच्या उन्हात खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळवली, आणि पावसाआधी चुन्याची सफेदी केली.