डीपीएमची तयारी: फार्माकॉलॉजीचं पुस्तक आधी मिटा

वॉर्ड सोडून औषधकंपनीत आलेले डॉक्टर ब्रिटनमधल्या डिप्लोमा इन फार्मास्युटिकल मेडिसिनचा (डीपीएम) अभ्यास सुरू करतात तो फार्माकॉलॉजीच्या जाड पुस्तकाने. माझ्या टीममधल्यांना मी ते आधी मिटायला लावते. तेवढं येतं आपल्याला. ही परीक्षा घेणाऱ्या फॅकल्टी ऑफ फार्मास्युटिकल मेडिसिनचा सिलॅबस उघडा आणि रोजच्या कामात ज्याला तुमचा हातही लागत नाही, ते आधी घ्या. मेडिकल अफेअर्सवाल्यांनी, म्हणजे कंपनीतर्फे डॉक्टरांना औषधाची शास्त्रीय माहिती देणाऱ्यांनी, संख्याशास्त्र, ट्रायल चालवणाऱ्यांनी जाहिरातीचे नियम. परीक्षेचं स्वरूपही तिथेच बघा, सीनियरच्या जुन्या टिपणांत नको.

कायदे नुसते पाठ करू नका, ते कशापायी आले ते धरा. गर्भवतींनी घेतल्यावर बाळांत व्यंग आणणारं थॅलिडोमाइड 1961 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यातूनच दुष्परिणाम कळवण्याचं 1964 चं यलो कार्ड आणि 1968 चा मेडिसिन्स अ‍ॅक्ट आला. 2006 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात टीजीएन1412 हे नवं औषध काही मिनिटांच्या फरकाने एकामागून एकाला दिलं आणि ते मिळालेले सहाही स्वयंसेवक अत्यवस्थ झाले. हे डोक्यात असलं, की माणसावरच्या पहिल्या चाचणीत दोन स्वयंसेवकांच्या डोसांमध्ये पुरेसं अंतर का ठेवतात, यावर उत्तर अडत नाही.

दोन आकडे मात्र घोकाच. चाचणीत औषधामुळे गंभीर आणि अनपेक्षित प्रतिक्रिया आल्याचा संशय असेल, आणि मृत्यू झाला असेल किंवा जिवावर बेतलं असेल, तर नियामकाला 7 दिवसांत कळवायचं, एरवी 15. शनिवार-रविवार धरून!

शोधनिबंधाच्या चिकित्सेला सर्वांत जास्त वेळ द्या. सारांश हाताने झाका. आधी पद्धत वाचा: प्रायमरी एंडपॉइंट (मोजायचा मुख्य परिणाम) कोणता ठरवला होता, मध्येच किती गळाले, विश्लेषणात रँडमाइझ झालेले (चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटलेले) सगळे धरलेत का. मग निकाल. धोका 4 टक्क्यांवरून 3 वर आला, तर लेखक ‘25 टक्के घट’ असं ठणकावून छापतील. तुम्ही लिहा: प्रत्यक्ष घट 1 टक्का, म्हणजे एक घटना टाळायला 100 जणांवर उपचार.

छोट्या उत्तरांत डॉक्टरांना पाल्हाळाची खोड असते. रिस्क मॅनेजमेंट प्लॅनमध्ये (औषधाचे धोके हाताळण्याच्या आराखड्यात) काय असतं असं विचारलं, तर सुरक्षिततेची ज्ञात आणि अज्ञात बाजू, ती तपासत राहण्याची योजना, धोका कमी करण्याचे उपाय, एवढं मांडा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.