ईसीएम रिसेट: बॅटरीची तार काढण्याआधी

पेट्रोल गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप गेलाय, की गॅरेजवरचा सल्ला ठरलेला: "बॅटरीची तार काढून ठेवा." उपाय खरा, पण आधी करायची कामं राहून जातात. ऑक्सिजन सेन्सरकडे बघत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोलचं प्रमाण सतत जुळवतो आणि लक्षात ठेवतो. तार काढली की, म्हणजे रिसेटने, ही आठवण पुसते. बिघाड असेल तर तो तसाच राहतो.

म्हणून आधी स्कॅनर लावून बिघाडाचे कोड लिहून घ्या. पुसले की पुरावाच गेला. मग एअर फिल्टर काढून बघा. बीड-जालन्याकडे सोयाबीनच्या सुगीत कच्च्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीचा फिल्टर मातीने पार बुजलेला असतो. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, पाकळीच्या कडेला काळं, चिकट किटण दिसलं तर क्लीनर कापडावर मारून पुसा. चावी चालू असताना पाकळी बोटाने ढकलू नका. आतले गिअर तुटतात.

आता चावी बंद, १० नंबरचा पाना, फक्त निगेटिव्ह तार. अर्धा तास. रेडिओला कोड लागत असेल तर तो हाताशी ठेवा.

तार जोडली की एसी, दिवे बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता स्टार्ट करा. रेडिएटरचा फॅन एकदा फिरून थांबू द्या, मग ५ मिनिटं एसी लावा. आरपीएम थोडा वरखाली होणारच. नंतर ५०-६० किलोमीटर, थोडं गावात, थोडं हायवेवर. काही नव्या गाड्यांत तार काढून काहीच पुसत नाही, तिथे स्कॅनरच लागतो.

दोन दिवसांत पुन्हा तेच? मग प्लग, कॉइल, नाहीतर चिरलेला व्हॅक्यूम पाइप शोधा.