छंदाच्या पुस्तकावर अभिप्राय कसा लिहावा, म्हणजे पुढच्याचा रविवार वाया जाणार नाही

आमच्या नाशकातल्या इंदिरानगरच्या सोसायटीत जिन्याखाली एक जुनं लोखंडी कपाट होतं. काही वर्षांपूर्वी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांचा वाढदिवस, मराठी भाषा गौरव दिन, काहीतरी करायला पाहिजे म्हणून आम्ही त्यात घरोघरची वाचून झालेली पुस्तकं आणून ठेवली. कादंबऱ्या पहिल्या दोन महिन्यांत गेल्या आणि बऱ्याचशा परत आल्याच नाहीत. मागे राहिलं ते बागकाम, क्रोशे, केक, पक्षी, किल्ले, शेअर बाजार, आकाशदर्शन, मधुमेहाचा आहार, घरबसल्या गिटार शिका वगैरे. मग ठरलं की प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवायचा आणि वाचणाऱ्याने त्यावर दोन ओळी लिहायच्या.

लिहिल्या लोकांनी. "छान आहे." "खूप सुंदर माहिती." "प्रत्येकाने वाचावं असं." केकच्या पुस्तकावर सात जणांनी छान आहे लिहिलंय आणि सातातल्या एकानेही त्यातला एकसुद्धा केक केलेला नाही, मी दारोदार विचारून आलोय. म्हणून हे लिहायला बसलो. सावानातनं (सार्वजनिक वाचनालयातनं) पुस्तक आणा, मित्राचं ढापा नाहीतर ऑनलाइन मागवा, अभिप्राय लिहायची पद्धत सगळीकडे सारखीच.

पहिली गोष्ट, वापरल्याशिवाय लिहू नका. कादंबरी वाचली की संपते, पण पाककृतीचं पुस्तक नुसतं वाचून ठेवणं म्हणजे मिसळीचा फोटो बघून ढेकर देण्यासारखं आहे. किमान तीन पदार्थ करा, आणि त्यातला पहिला असा घ्या जो तुमच्या हातात आधीच बसलेला आहे, साबुदाण्याची खिचडी घ्या, थालीपीठ घ्या. स्वतःला येणाऱ्या पदार्थावरून लेखकाचा हात लगेच कळतो, साबुदाणा किती वेळ भिजवायचा हे जर तो सांगतच नसेल तर पुढे अनोळखी पदार्थातही अशीच महत्त्वाची गोष्ट गाळणार. मग एक सोपा नवीन पदार्थ, मग एक अवघड. तीन झाले की लिहा.

मापांबद्दल तर लिहाच, सगळी भांडणं तिथेच होतात. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं, ते इतक्या घरांत चाललं त्यामागे एक साधं कारण म्हणजे मापं वाटी-चमच्याची. तुमची वाटी मोठी असो की लहान, सगळं त्याच एका वाटीने मोजलं की प्रमाण बिघडत नाही. केकच्या परदेशी पुस्तकात तसं नसतं, त्यांचा एक कप म्हणजे साधारण २४० मिली, आपला चहाचा कप त्याच्या बराच खाली, शिवाय लोणी ग्रॅममध्ये आणि अंडी नगावर, म्हणजे कप चुकला की सगळंच चुकलं. आमच्याकडे तर वेगळाच प्रकार झाला. पुस्तकात ओव्हन ३५० वर ठेवा होतं, आमच्या ओव्हनचा काटा २५० पर्यंतच जातो, तर बायको म्हणाली हे म्हणतात साडेतीनशे, निदान अडीचशे तरी ठेवू. ते ३५० फॅरनहाइट होतं हो, म्हणजे आपलं १७७ सेल्सिअस. वरून कोळसा आणि आत शिरा. आता त्या पुस्तकाच्या कागदावर मी ठळक अक्षरात लिहून ठेवलंय की तापमान फॅरनहाइटमध्ये आहे, १८० लावा. ही एक ओळ त्या सात "छान आहे" पेक्षा जास्त कामाची आहे असं माझं प्रामाणिक मत, बायकोचं मत वेगळं आहे कारण तिचं म्हणणं नावानिशी कशाला लिहिलंस.

दुसरं, पुस्तक कुठे बसून लिहिलंय ते बघा आणि ते नाशकात चालतं का ते सांगा. हे कोणी लिहितच नाही. इंग्लंडातलं बागकामाचं पुस्तक म्हणतं टोमॅटोचं बी मार्चमध्ये घरात पेरा आणि मेअखेर थंडी गेली की रोपं बाहेर काढा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी अगदी तसंच केलं, मेमध्ये नाशकात गच्चीवर रोपं बाहेर काढली, चार वाजेपर्यंत पापड. पुस्तकाची चूक नाही, त्यांच्याकडे मेपर्यंत दव गोठतं, आपल्याकडे टोपी घातल्याशिवाय कॉलेज रोडला जाववत नाही. तसंच कुंडीतल्या मातीचं, पुस्तक म्हणतं बागेतली माती भरा, आपली काळी माती कुंडीत विटेसारखी बसते, पाणी खाली उतरतच नाही, तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वाळू आणि भरपूर शेणखत मिसळावं लागतं. हे कागदावर लिहा ना, पुढच्याला शंभर रुपयांचं बी वाचेल.

आकाशदर्शनाच्या पुस्तकाला तर ही कसोटी फारच छान लागते. नाशिक साधारण २० अक्षांशावर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून वीसेक अंशांवरच दिसणार, समोर इमारत असली की गेला. लंडनसाठी काढलेल्या नकाशात तो अर्ध्या आकाशाच्याही वर असतो आणि सप्तर्षी कधी मावळतच नाहीत असं लिहिलेलं असतं, आपल्याकडे मावळतात. उलट अगस्ती, व्याधानंतरचा रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, लंडनहून कधीच दिसत नाही म्हणून त्या पुस्तकात त्याचा पत्ताच नाही, आणि आपण फेब्रुवारीत जेवून गंगापूर धरणाकडे गेलो तर दक्षिणेला खाली मस्त चमकत असतो. माझ्या मुलीने विचारलं बाबा हा कुठला, मी अख्खं पुस्तक चाळलं, नाही सापडला, शेवटी माझ्या आईने सांगितलं अगस्ती म्हणून. तिने एकही पुस्तक वाचलेलं नाही यावरचं.

क्रोशेवाल्यांसाठी एकच सांगतो, कारण मला त्यातलं तेवढंच कळतं. आपला मुका खांब हा टाका म्हणजे अमेरिकन पुस्तकातला सिंगल क्रोशे, आणि तोच ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे. पुस्तक अमेरिकन की ब्रिटिश हे पहिल्या ओळीत लिहा. तळमजल्यावरच्या काकूंनी युट्युबवर अमेरिकन डबल शिकून ब्रिटिश पुस्तकावरून नातवाची टोपी विणली, ती आता आजोबा घालतात.

तिसरं, पुस्तक कधीचं आहे. मागचं पान उघडा, आवृत्तीचं साल बघा, आणि ते अभिप्रायात टाका, नुसतं "जुनं आहे" नको. शेअर बाजाराच्या पुस्तकात तर जीवघेणं. २०१७ च्या पुस्तकात लिहिलेलं असतं की शेअर वर्षभर ठेवून विकले तर नफ्यावर टॅक्स नाही, आणि तेव्हा ते खरंच होतं. एप्रिल २०१८ पासून लाखावरच्या नफ्याला १० टक्के लागला आणि २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के, सूट सव्वा लाखाची. म्हणजे लेखक खोटं बोलला नाही पण त्याच्या भरवशावर तुम्ही हिशोब केला तर सीए हसेल. अशा पुस्तकाबद्दल लिहिताना दोन भाग करा, विचार करायची पद्धत अजून चालते का, आणि आकडे अजून चालतात का. आमच्या कपाटातल्या एका पुस्तकाची आकड्यांची पानं पूर्ण बाद आहेत आणि तरी शेजाऱ्याच्या टिपवर पैसे लावू नका हे प्रकरण सोन्यासारखं आहे, भाऊ. (मी लावले होते. जाऊ द्या.)

इतिहास, भूगोल, प्रवास असली पुस्तकं वापरून कशी बघणार? त्याला माझी युक्ती अशी की आपल्या गावाचं पान आधी उघडायचं. ज्या गोष्टी तुम्हाला पक्क्या माहीत आहेत तिथे लेखक कसा वागतो ते बघा. पांडवलेणी पांडवांनी कोरली असं सरळ छापलं असेल तर बाकीची तीनशे पानं सांभाळून वाचा, कारण ती २४ बौद्ध लेणी आहेत, सातवाहन आणि क्षत्रपांचे शिलालेख तिथे भिंतीवर आहेत, जाऊन बघता येतात. किल्ल्यांच्या पुस्तकात साल्हेर बघा, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, तिथेच आकडा चुकला असेल तर हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांबद्दल काय लिहिलंय त्यावर जीव टांगू नका. मागे संदर्भांची यादी आणि सूची आहे का तेही लिहा. सूची नसलेलं चारशे पानी माहितीचं पुस्तक म्हणजे नंबर नसलेली सोसायटी, माणूस आत आहे पण सापडत नाही.

पक्ष्यांच्या पुस्तकावर मी जरा जास्त बोलतो, हिवाळ्यातले निम्मे रविवार मी नांदूरमध्यमेश्वरला काढतो म्हणून. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालं, आमच्याकडून तासाभरात पोचतो. तिथे पुस्तक घेऊन उभं राहिलं की दहा मिनिटांत त्याची लायकी कळते. सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांचं पुस्तक १९४१ चं, त्यात रंगवलेली चित्रं, आणि मला अजून चित्रंच बरी वाटतात, फोटोत एक पक्षी एका उन्हात असतो, चित्रकार मात्र ओळखीच्या खुणा मुद्दाम दाखवतो. आता कसोटी. मादीचं चित्र आहे का? नर थापट्या बदक तर चोचीवरून आणि रंगावरून कोणीही सांगेल, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्या बदकांत बरेच नरसुद्धा अजून मळक्या पिसांत असतात, तेव्हा फक्त नटलेले नर दाखवणारं पुस्तक हातात असून नसल्यासारखं. मराठी नावांची सूची आहे का, कारण शेजारी उभा गाइड चक्रवाक म्हणणार आणि तुम्ही र मध्ये रडी शेलडक शोधत बसणार. आणि खिशात मावतं का. एक फार देखणं पुस्तक आहे आमच्याकडे, सव्वा दोन किलो, मी वजनकाट्यावर ठेवून बघितलं, ते दिवाणखान्यात पक्षी बघायला उत्तम.

अभिप्रायात स्वतःबद्दल अर्धी ओळ टाका, म्हणजे "मी पहिल्यांदाच शिकतोय" किंवा "वीस वर्षं करतेय". गिटारच्या पुस्तकावर एकाने "फारच सोपं" लिहिलंय आणि त्याच्याच खाली दुसऱ्याने "काही कळलं नाही" लिहिलंय, पहिला ऑर्केस्ट्रात वाजवतो हे मला माहीत आहे म्हणून ठीक, नवीन माणसाने काय समजायचं.

अनुवाद असेल तर मूळ पुस्तक आणि अनुवाद वेगवेगळे तोला. पान फाटकं आलं, कुरिअरने भिजवलं, हा लेखकाचा दोष नाही, तो राग तिकडे काढा. औषधपाण्याच्या आणि आहाराच्या पुस्तकांवर "मला फरक पडला" लिहू नका, फार तर भाषा समजते का, आपल्याकडच्या ज्वारी-बाजरीबद्दल काही आहे का तेवढं सांगा, बाकी डॉक्टर आहेत. पाचपैकी तारे द्यायचे असतील तर द्या, पण कशाचे ते लिहा. आणि पेनाने लिहू नका, पेन्सिलीने लिहा, मतं बदलतात.

नमुना म्हणून गच्चीवरच्या भाजीपाल्याच्या पुस्तकामागचा कागद जसाच्या तसा देतो. वर माझं अक्षर आहे: "दुसरं वर्ष, सहा कुंड्या. मेथी, पालक, मिरची केली. मेथी-पालक पुस्तकाप्रमाणे उत्तम. मिरचीला सांगितलंय त्यापेक्षा उन्हाळ्यात दुप्पट पाणी लागतं, हिरवी नेट बांधा. खताचे आकडे एकरी दिलेत, कुंडीला कसे वापरायचे कुठेच नाही. पान ५२ वरचं कडुलिंबाचं पाणी खरंच चालतं."

त्याखाली तिसऱ्या मजल्यावरचे काका, टोमॅटोवाले: "मिरचीला दुप्पट पाणी देऊ नका, मुळं कुजली माझी. याच्या घराला पश्चिमेचं ऊन आहे, माझ्या नाही."