गुदाशयाचा कॅन्सर: ऑपरेशनआधीच्या रेडिएशनच्या तारखा कशा बसवाव्यात

रेडिएशनची पहिली तारीख ठरते त्याच दिवशी सर्जनकडून ऑपरेशनची तारीखही मागून घ्या. दोन विभागांनी आपापल्या सोयीने तारखा दिल्या की मधलं अंतर चुकतं, आणि इथे सगळा खेळ त्या अंतराचाच आहे.

लहान कोर्समध्ये ५ सिटिंग असतात, दर वेळी ५ ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), एकूण २५ ग्रे. सोमवारी सुरू केलं तर शनिवार-रविवार आड न येता शुक्रवारी संपतं. लगेच ऑपरेशन करायचं असेल तर ते पहिल्या सिटिंगपासून १० दिवसांत, म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत उरकावं. नाहीतर ४ ते ८ आठवडे थांबावं. या दोहोंमधला काळ वाईट: साधारण ११ ते १७व्या दिवसांत ऑपरेशन झालेल्या रुग्णांत गुंतागुंत जास्त दिसली आहे. म्हणून ऑपरेशन थिएटर मिळालं नाही आणि बुधवार हुकला, तर 'चार दिवसांनी करू' यावर मान डोलावू नका. आता थेट काही आठवडे थांबणं बरं का, हे सर्जनला स्पष्ट विचारा.

लांब कोर्स १.८ ग्रेच्या २५ ते २८ सिटिंगचा, सोबत बहुधा कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या. सोमवारी सुरू झालेल्या २८ सिटिंग सहाव्या आठवड्याच्या बुधवारी संपतात. मग ६ ते १२ आठवडे थांबतात, कारण गाठ हळूहळू आक्रसत राहते. एमआरआयही ऑपरेशनच्या थोडंच आधी करावा. घाईने केला तर सूज आणि गाठ यांतला फरक कळत नाही. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर आधीच सांगा, कॅपेसिटाबिनमुळे रक्त धोकादायक पातळीपर्यंत पातळ होऊ शकतं.

रेडिएशन आणि ऑपरेशनच्या मध्ये पूर्ण केमो असेल, तर ऑपरेशनची तारीख केमो संपल्यापासून मोजतात.

सुट्टी किंवा मशीन बंद पडल्याने सिटिंग चुकली तर ती शेवटी जोडून मोकळं होऊ नये. कोर्स लांबला की उरलेल्या कॅन्सरपेशींना वाढायला वेळ मिळतो. शनिवारी सिटिंग किंवा एका दिवसात दोन, मध्ये किमान ६ तास ठेवून, असा पर्याय डॉक्टरांकडे मागा.

मूत्राशय किती भरलेलं हवं, हे प्लॅनिंग सीटीच्या (रेडिएशनची आखणी करण्यासाठीच्या स्कॅनच्या) वेळी ठरतं. तेव्हा लघवी करून किती पाणी प्यायलात आणि किती मिनिटं थांबलात ते लिहून ठेवा. रोज तसंच करा. मूत्राशय रिकामं राहिलं तर लहान आतडं खाली, किरणांच्या वाटेत उतरतं आणि जुलाब वाढतात.

पुढे मूल हवं असेल तर वीर्य किंवा बीजांडं साठवण्याचं बोलणं प्लॅनिंगच्याही आधी व्हायला हवं.