केमिस्ट्रीतून बायोकेमिस्ट्रीकडे येताय? आधी पाण्याकडे बघा

बीएस्सी केमिस्ट्री करून पुढे बायोकेमिस्ट्री घ्यावी की नाही, हे विचारायला सांगली-मिरजेकडची मुलं दरवर्षी येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, त्यात पाठांतर फार आहे का हो?" आहे. वीस अमिनो आम्लं, ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज फोडण्याच्या) दहा पायऱ्या, त्यापुढची क्रेब्ज सायकल यातून कुणाचीच सुटका नाही. पण तेवढ्यावर फक्त पेपर निघतो. विषय हाती लागतो तो कमजोर बंध, म्हणजे रेणूंमधली हलकी आकर्षणं, समजल्यावर, आणि तिथे केमिस्ट्रीवाल्या मुलांना आयती आघाडी असते.

तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा सहसंयुज बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात. पाण्याच्या दोन रेणूंमधल्या हायड्रोजन बंधाला सुमारे २० पुरतात. आणि खोलीच्या तापमानाला रेणूंची जी सततची धडपड चालू असते, म्हणजे आपली 'आरटी' (वायू स्थिरांक गुणिले तापमान), ती आहे मोलमागे २.५ किलोज्यूल. पेशीचा बराचसा कारभार या मधल्या आकड्याच्या आसपास चालतो. बंध टिकलाही पाहिजे आणि वेळ आली की सुटलाही पाहिजे. डीएनएची प्रत्येक साखळी सहसंयुज बंधांनी बांधलेली असते, पण दोन साखळ्या एकमेकींना धरतात त्या हायड्रोजन बंधांनी आणि बेसच्या थरांमधल्या आकर्षणाने. बेस म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही चार 'अक्षरं'. ए-टी जोडीत दोन हायड्रोजन बंध, जी-सीत तीन. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या तंत्रात, ९५ अंशांना साखळ्या सुट्या होतात आणि तरी एकेक साखळी शाबूत राहते, त्याचं कारण या आकड्यांतच आहे.

आता पाणी. पाण्याशी कुणाचं जमतं आणि कुणाचं नाही, हा प्रश्न प्रत्येक रेणूला विचारायची सवय लावून घ्या. हे शिकायला तासगावच्या बेदाणा शेडसारखी दुसरी जागा मला माहीत नाही. द्राक्षावर मेणाचा पातळ थर असतो आणि तो आतलं पाणी सहज बाहेर पडू देत नाही. म्हणून घड आधी डिपिंगच्या द्रावणात बुडवतात. लिटरला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, मग घड रॅकवर. हे ऑइल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. त्याची लांब हायड्रोकार्बन शेपटी मेणात मिसळते, मेणाची घट्ट रचना सैल होते आणि पाण्याला वाट मिळते. शेतकऱ्याला हे अनुभवाने पक्कं ठाऊक असतं. तुम्ही शेडवर गेलात तर द्रावण दुधासारखं पांढरं का दिसतं, ते नक्की विचारा आणि मग स्वतः उत्तर शोधा. इमल्शनचं (पाण्यात तेलाचे बारीक थेंब पसरलेल्या मिश्रणाचं) अख्खं प्रकरण त्या टबात आहे. पुढे गंधकाची धुरी देतात, ती पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइमला रोखते आणि बेदाणा काळा पडत नाही. म्हणजे एन्झाइम इनहिबिशनही (एन्झाइमचं काम अडवणं) तिथेच बघायला मिळतं.

पेशीचं आवरण याच हिशेबाने बनतं. फॉस्फोलिपिड या आवरणातल्या स्निग्ध रेणूचं डोकं पाण्याकडे, शेपट्या पाण्यापासून लांब, आणि दुहेरी थर आपोआप जमतो. तो जमवायला कुणी गवंडी लागत नाही. प्रोटीनची घडी पडते त्यातही पाण्याला टाळणारे भाग आत दडपणं हेच मोठं बळ असतं.

हे एकदा डोळ्यांनी बघायचं असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातलं हिमोग्लोबिन घ्या. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, बाकी सगळं तेच. ग्लुटामिकवर ऋण भार असतो, त्यामुळे ते पाण्यात सुखात असतं. व्हॅलीनला पाणी नको असतं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार बदलतो, शेजारच्या रेणूवरचा एक पाणी टाळणारा खळगा उघडा पडतो आणि हे व्हॅलीन त्यात जाऊन बसतं. रेणूला रेणू चिकटत लांब तंतू तयार होतात आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रोटीनच्या रचनांचा ऑनलाइन साठा, १९७१ पासून चालू आहे आणि फुकट आहे. तिथे '२एचबीएस' (इंग्रजीत 2HBS), म्हणजे या हिमोग्लोबिनच्या रचनेचा क्रमांक, टाका. मोबाइलच्या ब्राउझरवरही रचना फिरवून बघता येते. सहावं व्हॅलीन शोधा, मग त्याच्या शेजारी दुसऱ्या रेणूचं ८५ क्रमांकाचं फिनाइलअॅलनिन आणि ८८ क्रमांकाचं ल्युसिन सापडतं का बघा. तासभर जाईल, पण त्यानंतर 'हायड्रोफोबिक', म्हणजे पाणी टाळणारा, हा शब्द नुसता नोट्समधला राहत नाही.

फिजिकल केमिस्ट्रीची पुस्तकं रद्दीत घालू नका. पीकेए (आम्ल किती सहज प्रोटॉन सोडतं त्याचा आकडा), बफर, गिब्ज ऊर्जा आणि कायनेटिक्स (अभिक्रियेचा वेग) हे चार भाग रोज लागतात. हिस्टिडीन या अमिनो आम्लाचा पीकेए सहाच्या आसपास असल्याने ते पेशीतल्या पीएचला प्रोटॉन घेऊही शकतं आणि देऊही शकतं, म्हणूनच इतक्या एन्झाइमांच्या सक्रिय जागी ते दिसतं. हळद चुन्याने लाल होते तीही प्रोटॉन गेल्यामुळेच. कुंकू असंच बनतं. हळदीच्या सांगलीतल्या मुलाला इंडिकेटर (आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ) वेगळा शिकवावा लागू नये.

एमएस्सीसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री आहे, ते घराजवळ पडतं. बाहेर जायचं तर जॅम, म्हणजे आयआयटी वगैरेंतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, द्या. तिथे केमिस्ट्रीचा पेपर घ्यावा की बायोटेक्नॉलॉजीचा, यावर मुलं फार अडतात. ऑरगॅनिक आणि फिजिकल पक्कं असेल तर मी केमिस्ट्रीच घ्या म्हणतो. जीवशास्त्र नंतर भरून काढता येतं, थर्मोडायनॅमिक्स नंतर भरून काढणं फार जड जातं. फक्त अर्ज करण्याआधी, तुम्हाला हवा असलेला कोर्स त्या पेपरवर प्रवेश देतो का ते माहितीपत्रकात तपासा. अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीची वाट बघत बसू नका.